ऊमू सांगारे : बहुपत्नीत्वाविरुद्ध गाऊन नवऱ्यांनाही नाचायला लावणारी

नाचणी

पश्चिम आफ्रिकेच्या संगीतावर इथे अधूनमधून गप्पा होतात, पण त्या नायजेरियाच्या फेला कुटी या गायक-संगीतकारापासून सुरू होतात आणि फेला कुटीपाशीच संपतात. फेला मोठाच, वाद नाही. लष्करशहांना अंगावर घेणारा, मार खाल्लेला, तुरुंगात गेलेला. पण याच माणसाने १९७८ साली एका दिवसात २७ बायकांशी लग्न लावलं होतं. त्याच्या बंडखोरीचं कौतुक वाचलं की मला त्याच पट्ट्यातली दुसरी एक गायिका आठवते. तिने उभं आयुष्य नेमक्या याच विषयावर गाणी केली. मालीची ऊमू सांगारे. तिच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

ऊमूचा जन्म १९६८ चा, राजधानी बामाकोमधला. घराणं मूळचं दक्षिण मालीतल्या वासुलू भागातलं. ती दोन वर्षांची असताना वडील दुसऱ्या बायकोला घेऊन आयव्हरी कोस्टला निघून गेले. आई गरोदर, पदरात लेकरं. आई स्वतः लग्नाकार्यात गायची, त्यावर आणि बारीकसारीक विक्रीवर घर चालायचं. ऊमूही रस्त्यावर पाणी विकायची आणि कुणाचं लग्न, कुणाचं बारसं असलं की तिथे गायची. बालवाड्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिली आली म्हणून तिला बामाकोच्या मोठ्या स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर उभं केलं, तेव्हा ती जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. पुढे तिने जो विषय लावून धरला, तो तिला कुठल्या परिषदेत सापडलेला नाही, घरात रोज जेवायला होता.

१९८६ मध्ये जोलिबा पर्क्युशन या ताफ्याबरोबर ती युरोप फिरून आली. आल्यावर तिने स्वतःचा ताफा बांधायला घेतला आणि बाज ठरवला तो वासुलूचाच. अमादू बा गिंदो हा गिटारवादक संगीत संयोजक म्हणून मिळाला. चाली घासूनपुसून झाल्यावर १९८९ मध्ये ही मंडळी आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानला गेली आणि एक कॅसेट करून आली. नाव 'मुसोलू', म्हणजे बायका. ऊमू तेव्हा २१ वर्षांची. त्या कॅसेटच्या दोन लाखांहून जास्त प्रती खपल्या असं सांगतात. चोरट्या प्रती किती निघाल्या त्याला तर गणतीच नाही. पुढे मालीचाच नामवंत गिटारवादक अली फार्का तुरे याच्या शब्दाखातर लंडनच्या वर्ल्ड सर्किट या संगीत कंपनीने ती कॅसेट युरोपात काढली आणि ऊमू जगभर पोचली.

त्यात 'जाराबी नेने' नावाचं गाणं आहे. एक तरुण पोरगी आवडत्या माणसाच्या स्पर्शाने अंगावर उठणाऱ्या शहाऱ्याबद्दल चारचौघांत, मोकळ्या गळ्याने गाते. आज त्यात कुणाला काही वाटणार नाही. पण तिथे बायकांनी असलं बोलायची रीत नव्हती. थोरामोठ्यांनी नाकं मुरडली आणि पोरीबाळींनी गाणं तोंडपाठ केलं.

आता मुख्य विषय. मालीत लग्न नोंदवायला गेलं की अधिकारी सरळ विचारतो : एकपत्नी की बहुपत्नी? १९६२ च्या विवाह कायद्यापासून हा पर्याय कागदावरच आहे. 'बहुपत्नी' म्हटलं की पुढे चारपर्यंत मुभा. 'एकपत्नी' लिहिलं तरी बायकोच्या संमतीने नंतर ते बदलता येतं, आणि ही संमती घरात कशी मिळवली जाते ते काही वेगळं सांगायला नको. ऊमूची गाणी या कागदाच्या मागे काय चालतं त्याची आहेत. 'बी फुरू' आजकालच्या लग्नांवर. 'दुगू कामेलेंबा' गावभर उंडारणाऱ्या बाईलवेड्या पुरुषावर. 'सिगी कुरुनी' म्हणजे सासरी निघालेल्या नवरीला होणारा उपदेश. १९९६ च्या अल्बमचं नावच 'वोरोतान', दहा कोला बिया. मुलगी मागायला जाताना परंपरेने द्यायच्या त्या ह्या. चघळायच्या कडू बिया, तेवढ्या मोबदल्यात पोरगी जन्मभर दुसऱ्याच्या घरी राबायला जाते. २००९ च्या 'सेया'मध्ये जबरदस्तीच्या लग्नाविरुद्ध 'वेले वेले विंतू' आहे. २०१७ च्या 'मोगोया'मधलं 'येरे फागा' आत्महत्येच्या विषयावर आहे, आणि गंमत अशी की त्यात ड्रम वाजवलेत टोनी ॲलनने, म्हणजे फेलाच्याच जुन्या ड्रमवाल्याने.

आणि ही सगळी गाणी नाचाची आहेत बरं का! रडगाणं एकही नाही. लग्नाच्या मांडवात ज्याच्या तीन बायका बसल्यात तोसुद्धा यावर नाचतो.

पण माझ्या मते ऊमूचं खरं राजकारण गाण्यांच्या पलीकडे आहे. गाण्याचे पैसे आल्यावर तिने बामाकोमध्ये ३० खोल्यांचं हॉटेल बांधलं, नाव अर्थातच वासुलू. टॅक्सी चालवल्या. चीनमधून 'ऊम सांग' या स्वतःच्या नावाच्या जीपगाड्या आणून विकल्या. शेती केली, तांदूळ विकला. नवऱ्याने दुसरी आणली तरी बाई घर सोडून का जात नाही? कारण जायला जागा नसते आणि हातात पैसा नसतो. ऊमूने आधी स्वतःची सोय करून दाखवली आणि मग इतर बायकांना कमवा म्हणून सांगितलं. मला हे कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त पटतं.

कुणी ऐकलंय का तिला? काय वाटतं?

ठकूताई

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी ऐकून सविस्तर लिहीन. फेलाची ती २७ लग्नं मला खरंच ठाऊक नव्हती!

तंबोरा

मस्त धागा. आशय नाचणींनी सांगितला, मी वाजवण्याबद्दल दोन शब्द टाकतो.

गाण्याच्या सुरुवातीला जो तुटक, उड्या मारणारा तारांचा आवाज येतो ते कामेले न्गोनी. मोठा भोपळा, त्यावर कातडं ताणलेलं, उभी दांडी आणि दोन ओळींत तारा. वादक ते पोटाशी धरतो आणि दोन्ही अंगठ्यांनी आणि बोटांनी छेडतो. याचा थोरला भाऊ म्हणजे दोंसो न्गोनी, शिकाऱ्यांचं वाद्य. ते पवित्र. शिकाऱ्यांच्या विधींत वाजायचं, जनावर मारून आलेल्याचं गुणगान त्यावर व्हायचं. गेल्या शतकाच्या मध्यावर वासुलूतल्या पोरांनी त्याची लहान, चढ्या पट्टीतली आवृत्ती केली आणि चक्क नाचायला घेतली. आलाता ब्रुलाये सिदिबे या वादकाचं नाव त्यात अग्रक्रमाने घेतात. म्हातारे खवळले. देवघरातली वस्तू बाजारात नेली म्हणून. कामेले म्हणजे तरुण, म्हणून ते पोरांचं न्गोनी.

म्हणजे ऊमूने उचललेलं वाद्य मुळातच बंडखोर पोरांचं. त्यावर बाईने बायकांबद्दल गायचं हा दुसरा टप्पा.

सूर पाचच. मला कित्येक जागी धानी ऐकू येतो, सा ग॒ म प नि॒. अर्थात राग म्हणून नव्हे, चलन वेगळं आहे. पण आपला कान पटकन रुळतो याचं कारण बहुधा तेच असावं.

आणि बायकांच्या हातातलं ते फ्ले बघा व्हिडिओत. अर्धा भोपळा, त्याभोवती कवड्यांची जाळी. नुसतं खुळखुळवत नाहीत, हवेत उंच भिरकावतात, गिरकी घेऊन झेलतात, आणि ताल तसूभरही सरकत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाणं ऐकायचं राहूनच गेलं.

कोल्हापुरी_मिरची

लेख छान, पण शेवटचा भाग काही पटला नाही. हॉटेल, टॅक्सी, जीपगाड्या म्हणजे चळवळ? हा तर धंदा झाला. उद्या आपल्याकडची एखादी हिरॉईन रेस्टॉरंट काढेल, तिलाही समाजसुधारक म्हणायचं का? गाण्यातून गरिबीचं बोलायचं आणि स्वतः परदेशी गाडीतून फिरायचं, हे चित्र आपल्याला नवं नाही.

नाचणी

@कोल्हापुरी_मिरची, धंदाच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण संदर्भ बघा. ही रस्त्यावर पाणी विकणारी, बापाने टाकलेली पोर. अशा मुलीला तिथला समाज दोनच वाटा दाखवतो : कुणाची तरी बायको हो, नाहीतर कुणाच्या तरी तोंडावर त्याची स्तुती गा आणि बिदागी घे. तिने तिसरी काढली. आणि हिरॉईनच्या रेस्टॉरंटशी तुलना कराल तर त्या हिरॉईनने आधी वीस वर्षं सवतींवर गाणी गायलेली असली पाहिजेत. :)

शिवाय बाहेरूनही दखल घेतली गेली. २००१ मध्ये युनेस्कोशी संलग्न आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेचा पुरस्कार, २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची सदिच्छा दूत. पण पुरस्कारांवरून माणूस मोठा ठरवायचा नसतो, त्यामुळे हा मुद्दा मी फारसा ताणणार नाही.

रानवारा

"कुणाच्या तरी तोंडावर स्तुती गा" हा धागा जरा सोडवून सांगतो, कारण त्याशिवाय ऊमूचं वेगळेपण कळत नाही.

मालीत गाणं हे बव्हंशी जन्मावर ठरतं. जेली, ज्यांना फ्रेंचांनी ग्रियो म्हटलं, त्यांची जातच वेगळी. राजघराण्यांच्या वंशावळी पाठ ठेवायच्या, माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केता याच्यापासूनचा इतिहास सांगायचा, यजमानाच्या पूर्वजांची थोरवी गायची आणि यजमानाने पैसे द्यायचे. जेली घरात जन्माला आला नाहीत तर गायचं नाही. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे मालीचा प्रसिद्ध गायक सालिफ केता. तो सुंजाताच्या कुळातला, उच्चकुलीन, वर अल्बिनो म्हणून हिणवलेला. त्याने गायचं ठरवलं तेव्हा घरच्यांना ती बेइज्जती वाटली.

वासुलूत ही भानगड नाही. ज्याला गळा आहे त्याने गावं. तिथे गायकाला कोनो म्हणतात, पाखरू. पाखराला कुणाची वंशावळ पाठ करायची नसते, त्यामुळे ते मनाला येईल ते बोलतं. ऊमूला नवऱ्यांवर आणि सासरच्यांवर तोंड सोडता आलं ते या मोकळीकीमुळे. जेली बाई असती तर यजमानाला असं बोलणं अवघडच होतं, कारण त्याच्याच घरून बिदागी यायची.

अवांतर : वासुलूतली गायक मंडळी बघा, सिदिबे, जाकिते, जालो नाहीतर सांगारे. चार आडनावांत सगळा प्रांत. मूळचे फुलानी या गुराखी जमातीतले, पण पिढ्यान्‌पिढ्या बोलतात बांबारा या मालीतल्या मुख्य भाषेशी मिळतीजुळती भाषा.

अजून एक. ऊमू काही आभाळातून पडलेली नाही. तिच्याआधी कुंबा सिदिबे, साली सिदिबे, नाहावा दुंबिया या बायकांनी वासुलूच्या गाण्याला शहरात आणलं होतं. ऊमूचं नाव पुढे आलं याचं श्रेय तिच्या गळ्याला आहेच, पण काळालाही आहे. १९९१ च्या मार्चमध्ये लोक रस्त्यावर उतरले, मूसा त्राओरेची २३ वर्षांची राजवट कोसळली, आणि त्यानंतर खाजगी एफएम केंद्रं निघाली. बांबारात बोलणारी. घराघरांत, बाजारात, टॅक्सीत 'मुसोलू' वाजायला लागली ती तेव्हा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईपर्यंत कायदा पोचत नाही, पत्रक पोचत नाही, कॅसेट पोचते.

ठकूताई

ऐकलं. बांबाराचा एक शब्द कळत नाही तरी दोन तास तेच चालू होतं.

मला लगेच जात्यावरच्या ओव्या आठवल्या. सवतीवर किती ओव्या आहेत आपल्याकडे! पण त्यात बहुतेकदा सवतीच्याच नावाने बोटं मोडलेली असतात. ती काळी, ती चेटकीण, तिने भुलवलं. भरतार मात्र 'हौशा'च राहतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. ऊमू कुणाला बोलते? सवतीला की नवऱ्याला?

नाचणी

@ठकूताई, काय प्रश्न काढलात! मी अनुवादांतून जेवढं वाचलंय त्यावरून सांगते : रोख पुरुषावर आणि लग्न ठरवणाऱ्या घरच्यांवर असतो. 'दुगू कामेलेंबा' सरळ त्या उंडग्यावरच आहे आणि २०१७ मध्ये तिने 'कामेलेंबा' म्हणून परत त्याच जातीच्या गड्यावर गाणं केलं, बायांनो सावध व्हा म्हणून. सवतींची एकमेकींत लावून दिलेली भांडणं हा तिच्यासाठी त्याच दुखण्याचा भाग आहे.

वकीलकाका

संगीतातलं मला कळत नाही, पण कौटुंबिक कायद्याशी आयुष्यभर संबंध आल्यामुळे मालीचं प्रकरण मी कुतूहलाने वाचलं होतं. ते इथे मांडतो, कारण नाचणी यांच्या लेखातून वाचकाचा असा समज होऊ शकतो की गाणी गाजली आणि समाज बदलला.

ऑगस्ट २००९ मध्ये मालीच्या संसदेने नवी कुटुंब संहिता प्रचंड बहुमताने मंजूर केली. पतीच्या आज्ञेत राहण्याचं पत्नीचं कर्तव्य त्यातून काढून टाकलं होतं. मुलीच्या लग्नाचं वय १८ केलं होतं. वारसाहक्कात मुलींची बाजू सुधारली होती, विवाहबाह्य संततीलाही हक्क दिले होते. बहुपत्नीत्वाला मात्र त्या मसुद्यानेही हात लावला नव्हता, हे ध्यानात घ्या.

तरी आगडोंब उसळला. मालीची उच्च इस्लामी परिषद विरोधात उतरली, इमाम महमूद दिको यांच्या नेतृत्वाखाली. बामाकोच्या स्टेडियममध्ये सुमारे ५०,००० लोक जमले. मशिदींमधून कायद्याविरुद्ध प्रवचनं झाली. निषेध करणाऱ्यांत स्त्रियाही होत्या, आणि त्या मोठ्या संख्येने होत्या. महिनाही उलटला नाही तोवर राष्ट्राध्यक्ष आमादू तुमानी तुरे यांनी कायद्यावर सही न करता तो संसदेकडे परत धाडला.

२०११ च्या डिसेंबरात सुधारलेली, खरं तर बिघडवलेली संहिता आली. पत्नीने पतीची आज्ञा पाळावी हे कलम परत. मुलीचं वय १६, मुलाचं १८. वारसाहक्क धर्म आणि रूढीप्रमाणे. मालीतल्या स्त्री संघटनेने आणि एका मानवी हक्क संस्थेने हे प्रकरण आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयात नेलं. २०१८ च्या मे महिन्यात निकाल लागला : ही संहिता मापुतो जाहीरनाम्याचा भंग करते, ती बदला. मापुतो जाहीरनामा हा आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या हक्कांचा करार, मालीने स्वतः सही केलेला.

म्हणजे हिशेब असा : ऊमूची कॅसेट १९८९ ची. वीस वर्षं देश तिच्या गाण्यांवर नाचला. आणि वीस वर्षांनी त्याच देशाने स्टेडियम भरून सांगितलं की बायकोने आज्ञेतच राहिलं पाहिजे. दोन्हीकडे हजर असलेले लोकही असणारच.

भाऊ_१९५६

वकीलकाका, हेच तर आपल्याकडे हिंदू कोड बिलाच्या वेळी झालं. बाबासाहेबांना मंत्रिपद सोडावं लागलं. आणि आता समान नागरी कायद्याला विरोध करणारे लोक

प्रशासक

समान नागरी कायद्यावर आधीच दोन धागे वाहताहेत. वरील प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, त्यावर आलेले आठ प्रतिसाद काढले आहेत. हा धागा ऊमू सांगारेचा आहे.

भाऊ_१९५६

अर्धाच का ठेवला? असो. हिंदू कोड बिलाचा मुद्दा तरी राहिला.

नाचणी

@वकीलकाका, प्रतिसाद फार आवडला. मूळ लेखात हे यायला हवं होतं, पण तुम्ही जितकं नेमकं मांडलंत तितकं मला जमलं नसतं.

निष्कर्षाशी मात्र अर्धीच सहमत. गाण्याने कायदा होत नाही, मान्य. पण २००९ मध्ये संसदेत असा मसुदा मंजूर होण्यापर्यंत मजल गेली, त्याच्या मागे दहा-पंधरा वर्षं स्त्री संघटनांचं काम होतं, आणि त्या बायका ज्या भाषेत बोलत होत्या ती भाषा सामान्य माणसाच्या कानावर आधी कुणी घातली? फ्रेंच येणाऱ्या वकीलबाईंनी नाही. आणि म्हणूनच माझा हॉटेलचा मुद्दा परत काढते. कायदा मागे गेला तरी जिच्या हातात कमाई आहे ती बाई मागे जात नाही.

पॅरिसकर

उशिरा आलो, पण माझ्या घरापासून चार पावलांवरचा विषय निघालाय तर लिहिलंच पाहिजे.

मी पॅरिसच्या पूर्वेला मोंत्रॉयमध्ये राहतो. इथे मालीची वस्ती एवढी की लोक गमतीने या गावाला सेन नदीवरचं बामाको म्हणतात. शनिवारी नगरपालिकेसमोर मालीच्या लग्नाची वरात असली की बघत राहावं. बायका बाझँमध्ये. म्हणजे खळ देऊन, लाकडी दांडक्यांनी कुटून कुटून चकाकी आणलेलं जाड सुती कापड, चालताना करकर वाजतं. डोक्याला त्याच कापडाचं उंच बांधलेलं फडकं. आणि गाडीच्या स्पीकरवर ऊमू नसेल असं क्वचितच.

आता इथली बाजू. फ्रान्समध्ये बहुपत्नीत्व बेकायदा, पण बाहेर झालेली लग्नं बरीच वर्षं चालवून घेत होते. कामगार म्हणून आलेल्या मालीच्या पुरुषांनी दुसऱ्या बायका इथे आणल्या, दोन खोल्यांच्या घरात दोन संसार. १९९३ मध्ये पास्क्वा कायदा आला. बहुपत्नीक कुटुंबांना राहण्याचे परवाने देणं, नूतनीकरण करणं बंद. कागदावर हे बायकांच्या बाजूने दिसतं. प्रत्यक्षात फटका कुणाला? धाकट्या बायकोला. तिला वेगळं घर करा म्हणाले, घर कुणी भाड्याने देईना, परवाना नाही म्हणून नोकरी नाही, आणि मुलं इथे जन्मलेली. ज्या वर्षी ऊमूचं 'को सिरा' युरोपात वर्षातला उत्तम अल्बम म्हणून गौरवलं जात होतं, त्याच वर्षी हा कायदा झाला. बहुपत्नीत्वाविरुद्ध गाणारी आफ्रिकी बाई म्हणून इथली वर्तमानपत्रं तिला डोक्यावर घेत होती, आणि तिचे श्रोते परवान्याच्या रांगेत उभे होते. मला हा दुटप्पीपणा तेव्हापासून सलतो.

ऊमूला मी इथे रंगमंचावर ऐकलंय. उंच, धिप्पाड बाई. पायघोळ झगा सावरत येते आणि पहिलं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणते, आवाज वर चढवायची घाई अजिबात नाही. मध्येच थांबून बायकांना उद्देशून फ्रेंचमध्ये दोन शब्द बोलली आणि वरच्या सज्जातल्या बायका तिला बांबारात काहीतरी ओरडून उत्तर देऊ लागल्या. ती हसली आणि तिने बांबारातच सुरू केलं. पुढची पाच मिनिटं आमच्यासारख्यांना काही कळलं नाही. शेजारच्या मावशी मात्र पोट धरून हसत होत्या.

वकीलकाका

@पॅरिसकर, १९९३ च्या कायद्याचा हा परिणाम मला माहीत नव्हता. उत्तम माहिती. कायदा कुणासाठी केला आणि पडला कुणावर, ही आमच्या धंद्यातली जुनीच कथा.

जेन_झी_जनाबाई

मला ऊमू कळली ती बियॉन्सेमुळे! २०१९ मध्ये लायन किंगच्या निमित्ताने तिने जो अल्बम काढला त्यातल्या 'मूड फॉर एव्हा'च्या सुरुवातीला 'जाराबी नेने'च आहे. तीस वर्षांपूर्वीचा आवाज, तसाच्या तसा. मला वाटलं कुणीतरी नवीन गायिका आहे. मग शोधत गेले.

तिला ग्रॅमी मिळालंय का पण?

रानवारा

@जेन_झी_जनाबाई, अमेरिकन जॅझवादक हर्बी हॅनकॉकच्या 'इमॅजिन' या गाण्यामध्ये अनेक गायकांबरोबर ती आहे, त्याला २०११ मध्ये मिळालं. 'सेया'ला नामांकन होतं.

एक भर. २०१२ मध्ये उत्तर माली जिहादी गटांच्या ताब्यात गेलं आणि तिथे संगीतावरच बंदी आली. वाद्यं जाळली, तिंबक्तूची गायिका खैरा आर्बी हिला पळून बामाकोला यावं लागलं, वाळवंटातला प्रसिद्ध संगीत महोत्सव बंद पडला. दक्षिणेत ऊमूचं गाणं थांबलं नाही. उलट तिने वासुलूतल्या यानफोलिला गावी स्वतःचा महोत्सव सुरू केला. बामाकोत भरवला असता तर प्रायोजकांना सोपं पडलं असतं. पण लोकांनी खेड्यात यावं, तिथे खावं-प्यावं, पैसा तिथे पडावा हा हिशेब. कोल्हापुरी_मिरचींना हाही धंदाच वाटेल म्हणा.

२०२० मध्ये टाळेबंदीत ती अमेरिकेत अडकली आणि बाल्टिमोरमध्ये मुक्काम ठोकून गाणी रचली. २०२२ मध्ये तो अल्बम आला, नाव 'तिंबक्तू'. स्वतः दक्षिणेची असून नाव उत्तरेतल्या शहराचं, देश फुटायच्या बेतात असताना. त्यात ब्लूजकडे झुकलेली गिटार आहे, जुन्या लोकांना ती आवडत नाही. मला आवडते.

तंबोरा

मी त्या जुन्या लोकांतला. 'मुसोलू' आणि 'को सिरा'मध्ये व्हायोलिन, गिटार, न्गोनी यांच्यात जी हवा खेळते ती नंतर कमी झाली. 'मोगोया'त तर इलेक्ट्रॉनिक आवाजांचा थर एवढा की न्गोनी शोधावं लागतं. २०२० मध्ये तीच गाणी तिने साध्या वाद्यांवर परत गायली, तो 'अकूस्तिक' ऐका, मग फरक कळेल.

ठकूताई

नवख्यांनी कुठून सुरुवात करावी, कुणीतरी क्रम लावून द्या ना. आणि तरुण पिढीत कोण?

नाचणी

'मुसोलू'पासूनच करा, सलग. मग 'को सिरा', त्यातलं 'सा मान्यी' चुकवू नका. संयोजक अमादू बा गिंदो गाडीच्या अपघातात गेला, त्याच्यावरचं शोकगीत आहे ते. मग 'वोरोतान', त्यात आफ्रिकी तालावर ब्रासचा मस्त भरणा आहे. बाकीचे कधीही.

तरुणांत फातूमाता जावारा. ऊमूच्या मागे कोरसमध्ये गायलेली आहे ती. स्वतः गिटार वाजवते, जी मालीच्या बायकांत दुर्मीळ गोष्ट. बालपणीच्या खतन्याबद्दल, जबरदस्तीच्या लग्नाबद्दल ती उघड गाते. मालीत मुलींच्या खतन्यावर कायद्याने बंदी आणण्याची मागणी जुनी आहे, आणि ऊमूनेही त्यावर तोंड उघडलेलं आहे.

कोल्हापुरी_मिरची

'वोरोतान' लावलंय. हा सॅक्सोफोन पी वी एलिसचा लिहिलाय यादीत. जेम्स ब्राउनच्या बँडमधला, तोच का?

नाचणी

तोच. ब्रासची बांधणीही त्याचीच. हॉटेलबद्दलचं मत बदललं का मग?

कोल्हापुरी_मिरची

नाही. पण महोत्सव खेड्यात भरवते म्हणता, ते बरं केलं. दुसरं गाणं लावतोय.